कोमल नाही म्हणत नाही

२६ ऑक्टोबर, रविवार
आजपासून रोजनिशी. प्रमाण मराठीतच लिहायची, कारण मारेगावात राहून जिभेवर पुन्हा 'मले-तुले' चढायला लागलं आहे. पुण्याच्या कंपनीपासून मी परस्पर संमतीने वेगळा झालो, त्याला तीन महिने झाले. कंपनीने संमती आधी दिली, मी नंतर, एवढाच फरक.
आज दिशा सापडली. एआय एजंट! माणसासारखा फोन उचलतो, बोलतो, नोंद करतो. तो बनवून एका परदेशी प्लॅटफॉर्मवर चढवायचा. त्यासाठी त्यांची टाइपस्क्रिप्ट या संगणकीय भाषेतली क्लायंट लायब्ररी, म्हणजे आयता कोड, फुकट मिळते. आपण चार ओळी लिहायच्या, बाकीचं लायब्ररी तिकडच्या सर्व्हरशी बोलून करून घेते. मला अशाच स्वरूपाचं काम जमतं.
संध्याकाळी लॅपटॉपमधून बाईचा आवाज आला, "नमस्कार." बाबा दचकून म्हणाले, "कोण आलं बे रजत?"
बायकोला, निकिताला, दाखवलं. ती किशोरशेठच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फोनवर बसते, कापसाच्या गाड्यांना नंबर देते. कोणी कोणत्या दिवशी गाडी आणायची, एवढंच. मी तिला सांगितलं की तुझं काम मुळात रिपीटेबल आहे. तिने वरण वाढलं.

२९ ऑक्टोबर
टाइपस्क्रिप्टचा अभ्यास. भाषा चांगली, पण स्वभावाने सासू. प्रोग्राम चालवायच्या आधीच चुकीच्या जागी लाल रेघ मारते. निकिता मागे उभी राहून म्हणाली, "बरं हाय की. चूक आधीच सांगते थे." मी हसलो. कोणती लाल रेघ मनावर घ्यायची आणि कोणती नाही, हे अनुभवाने कळतं.

१ नोव्हेंबर
शेठकडे जाऊन आलो. निकिताने माझ्यासाठी बिलिंगच्या कॉम्प्युटरवर जागा आहे का म्हणून शब्द टाकला होता. हे अर्थातच माझ्या पातळीचं नव्हतं. मी शेठना एजंटबद्दल सांगितलं.
शेठ म्हणाले, "जेवाले जात नाई?"
म्हटलं, नाही.
"सुट्टी घेत नाई? माहेरी जात नाई?"
नाही.
शेठ खुर्चीत पुढे सरकले. शेजारच्याच टेबलावर निकिता फोनवर होती. खेमसिंग नावाच्या तांड्यावरच्या शेतकऱ्याला समजावत होती, "काका, मंगळवारी नका आणू, मंगळवार भरला. बुधवारी आणा. अन् कापूस दोन दिस वाळू द्या, नाईतर ओलावा कापतीन." एका गाडीसाठी एवढा वेळ! त्यात मधेच त्याच्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी. कोमल हे काम क्षणात करेल. (नाव ठरलं. कोमल.)
नवऱ्याला असं मोठ्या माणसाशी बोलताना निकिताने प्रथमच पाहिलं. तिला अभिमान वाटला असणार. चेहऱ्यावर दिसलं नाही, पण ती तशीच आहे.

६ नोव्हेंबर
कोमल डिप्लॉय होत नाही, म्हणजे प्लॅटफॉर्मवर चढत नाही. 'की', म्हणजे आत शिरायची किल्ली, चुकीची आहे म्हणते. किल्ली बरोबर होती, मी चुकीच्या ठिकाणी ठेवली होती. म्हणजे चूक त्यांच्या डॉक्युमेंटेशनची. ते वाचलं असतं तरी कळलं नसतं.
दुपारी लाईन गेली. या तालुक्यात प्रगती का होत नाही ते समजलं.

१० नोव्हेंबर
निकिता घरी येऊन म्हणाली, "शेठनं शनिवारपासून येऊ नको म्हणलं."
मी तिचं अभिनंदन केलं. म्हटलं, तू मोकळी झालीस, आता तुझ्या क्षमतेचं काहीतरी कर.
"अन् तुमाले पगार किती ठरला?"
मी समजावलं की हा पायलट आहे, म्हणजे प्रयोग. पायलटमध्ये पगार नसतो, पायलटमध्ये शिकणं असतं.
"मंग घरात पगार कोणाचा?"
तिला मोठं चित्र दिसत नाही. बाबा बाहेर जाऊन बाजेवर बसले.

१५ नोव्हेंबर, शनिवार
आज कोमल लाइव्ह! गेटवर बॅनर: 'विदर्भातील पहिली एआय जिनिंग'. शेठनी लॅपटॉपला हळदकुंकू लावलं आणि जवळच नारळ फोडला. थोडं पाणी कीबोर्डमध्ये गेलं. एस बटन दाबल्यावर आता चार एस येतात. किरकोळ.
सकाळी एकच अडचण होती. दिवसाला ठरावीकच गाड्या रिकाम्या होतात, म्हणून नंबर देण्याआधी कोमल प्लॅटफॉर्मला विचारते, त्या दिवशी जागा आहे का. त्या ओळीखाली लाल रेघ. टाइपस्क्रिप्टचं म्हणणं, ही अट कायम खरीच ठरेल, तुम्ही उत्तराची वाट पाहायला विसरलात. नारळवाला येऊन उभा होता. वाट कोण पाहतो? त्या ओळीच्या डोक्यावर 'दुर्लक्ष करा' अशी टीप टाकली. टाइपस्क्रिप्टमध्ये तशी सोय आहे. रेघ गेली. चढवलं. हिरवी खूण आली.
निकिताने सकाळी डबा दिला नाही. ती घरी आहे म्हटल्यावर दोन डबे लागत नाहीत, त्यामुळे विसरली असेल.

१८ नोव्हेंबर
तुफान! लोक कोमलवर खूश. "बाई लय गोड बोलते," असं पानटपरीवर ऐकलं. एकाने नुसतं तिच्याशी बोलायला तीनदा फोन केला. त्याच्याकडे कापूसच नाही.
मुख्य म्हणजे कोमल कुणाला नाही म्हणत नाही. निकिता अर्ध्या लोकांना परत लावायची. उद्या नको, परवा या, आठ दिवस थांबा. आता जो म्हणेल त्याला त्याचा दिवस मिळतो. समाधान शंभर टक्के. तिच्या कामात त्रुटी होत्या हे मी तिला सौम्य शब्दांत सांगितलं.
ती तूर निवडत होती. म्हणाली, "सोमवारच्या किती गाड्या झाल्या?"
म्हटलं, ते डॅशबोर्डवर दिसतं.
"मंग पाहा ना."
डॅशबोर्ड दुसऱ्या आवृत्तीत येणार आहे. आधी उत्पादन, मग डॅशबोर्ड.

२० नोव्हेंबर
खेमसिंगने निकिताच्या मोबाईलवर फोन केला. असे फोन तिला अजून येतात. लोकांना सवय सोडवत नाही. ती म्हणाली, "काका, आता माह्याकडं नाई थे. त्या नंबरवर लावा." फोन ठेवल्यावर बराच वेळ मोबाईलकडे बघत बसली. मी तिला ऑनलाइन कोर्स सुचवला.

२३ नोव्हेंबर, रविवार
दुपारपासून रस्त्याने ट्रॅक्टर चालले आहेत. बाबाही आमच्या शेतातल्या कापसाची गाडी भरत होते. त्यांनी नंबर कोणाकडून घेतला ते विचारलं. थोडे लाजले. "लावला तुह्या मशीनले फोन. सून घरातच हाय, तिले विचारलं असतं त तिनं शेठले सांगून देला असता नंबर. पण म्हणलं, पोराची मशीन हाय, आपनच नाई वापरली त कोण वापरन?"
"काय म्हणाली कोमल?"
"सोमवारी या म्हणे. स्वागत हाय म्हणे."
मला भरून आलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी ७.३० — जिनिंगपासून पेट्रोल पंपापर्यंत गाड्या. हंगामाचा जोर.
८.४५ — पंपाच्या पुढेही गाड्या. एसटी अडकली आहे. वाहतूक नियोजन हा प्रशासनाचा विषय आहे.
९.३० — शेठचे फोन. मी फोन बंद केला. गंभीर तांत्रिक विचार गोंगाटात होत नाही.
११.०० — शेठचा माणूस घरी येऊन मला मोटरसायकलवर घेऊन गेला. विचारलं नाही.
दुपारी — सापडलं. जागा आहे का, हे प्लॅटफॉर्मला विचारल्यावर लगेच उत्तर येत नाही. आधी एक प्रॉमिस येतं, म्हणजे 'थोड्या वेळाने सांगतो' असं वचन. थांबलं, तर त्यातून हो किंवा नाही निघतं. कोमल थांबत नव्हती. तिला वाटायचं, वचन मिळालं म्हणजे जागा आहे. त्यामुळे जेवढ्यांनी सोमवार मागितला तेवढ्यांना सोमवार. 'थांब' या एका शब्दाची चूक. तो शब्द लायब्ररीने स्वतःहून घालायला हवा होता.
हे मी ऑफिसात जमलेल्या लोकांना शांतपणे समजावत होतो. खेमसिंग पुढे आले. डोक्याला पटका, हातात बैल हाकायची काठी. म्हणाले, "भाऊ, थे सोड. माह्याशी फोनवर बोलली थे बाई कुठी हाय? बोलाव तिले. म्हाताऱ्या बायकोले गाडीवर बसवून आनलं म्या, पहाटपासून. मले तोंडावर विचारू दे तिले, काहून बोलावलं म्हणून."
मी म्हटलं, काका, बाई अशी नाही, ती मॉडेल आहे.
मागून कोणीतरी म्हणालं, "मॉडेल हाय म्हणते! मारा याले!"
शेठनी मला बाथरूममध्ये कोंडून ठेवलं. माझ्याच सुरक्षेसाठी.

२५ नोव्हेंबर
काल सायंकाळी पावसाचा शिरवा आला. फार नाही. उघड्या गाड्यांचा वरचा कापूस भिजेल इतकाच. आज शेठनी ओलाव्याचा काट लावला, म्हणजे भाव कापला. लोक शिव्या देत देत कापूस देऊन गेले, कोणी तसेच परत गेले.
बाबा दुपारी आले. गाडी भरलेलीच. निकिताने पाणी दिलं. बाबा म्हणाले, "गर्दी होती बाप्पा." एवढंच. मग पायरीवर बसून गाडीतला ओला कापूस बोटांनी सुटा करत राहिले. माझ्याकडे पाहिलं नाही. थकले असतील.
संकल्प: यापुढे सगळ्या लाल रेघा वाचायच्या. निदान मोठ्या.

२७ नोव्हेंबर
शेठ स्वतः घरी आले. निकिताला म्हणाले, "चाल बाई, बस परत फोनवर. झालं गेलं सोड."
निकिताने चहा दिला आणि म्हणाली, "नाई शेठ. मले कळंबच्या जिनिंगनं बोलावलं. माहेर तिथीच हाय."
मला यातलं काहीच माहीत नव्हतं. शेठ गेल्यावर मी मुद्देसूद बोललो. पहिला मुद्दा घराचा, दुसरा बाबांचा, तिसरा असा की या घटनेकडे अपयश म्हणून न पाहता डेटा म्हणून पाहावं. ती साड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माहं काम रिकामं होतं ना? मंग आता कायले अडून राह्यलं तुमचं?"
संध्याकाळच्या गाडीने गेली. बाबांच्या पाया पडली. चार दिवसांत येईल. माझ्याशिवाय तिला करमत नाही.

१ डिसेंबर
चार दिवस झाले. तिच्याकडे कामाचा ताण असेल.
शेठनी बोलावलं. बॅनर उतरवायचा नाही म्हणतात. पेपरात आलं आहे, आणि जिल्ह्याहून पाहुणे एआय जिनिंग बघायला येणार आहेत. उतरवला तर तोंड दाखवायची सोय नाही. पण ती सटवी, म्हणजे कोमल, पुन्हा चालू करायची नाही.
मग त्यांनी उपाय सांगितला. ऑफिसच्या मागे प्लायवूडचं पार्टिशन आहे. तिथे मी बसायचं, फोन घ्यायचे आणि नंबर द्यायचे. "पण मशीनसारखं बोल. शुद्ध. तुले जमते थे."
यालाच आमच्या क्षेत्रात 'ह्युमन इन द लूप', म्हणजे यंत्राच्या जोडीला माणूस, म्हणतात. मोठमोठ्या कंपन्या करतात. लॅपटॉप समोर उघडा ठेवतो, वहीत नंबर लिहितो. पगार ठरला. निकिताचा होता त्याहून जरा कमी. सुरुवात आहे.

४ डिसेंबर
खेमसिंगचा फोन.
"नमस्कार. मी कोमल. आपली काय सेवा करू?"
"आवाज काहून बदलला वो बाई? गळा बसला का?"
म्हटलं, मी नवीन आवृत्ती आहे.
शुक्रवार मागत होते. वही पाहिली. शुक्रवार भरला होता. नाही म्हटलं, सोमवार दिला. म्हणाले, "आता कशी अक्कल आली मशीनले."
स्तुती आहे. तिचं श्रेय कुणाचं, हे सांगायची परवानगी नाही.
त्यांच्या बायकोच्या गुडघ्याबद्दल विचारावंसं वाटलं. पण मशीन असं विचारत नाही.

९ डिसेंबर
आज पाहुणे आले. शेठनी फोन स्पीकरवर जोडला होता. पार्टिशनच्या त्या बाजूला पाहुणे, चहा, काजू. या बाजूला मी. सगळे फोन सुरळीत. एकाला तर मी भावही सांगितला.
तीनच्या सुमारास ओळखीचा नंबर आला. नियमाप्रमाणे म्हटलं, "नमस्कार. मी कोमल. आपली काय सेवा करू?"
पलीकडे जिनिंगची घरघर. इथलीच वाटावी अशी, पण कळंबची.
निकिता म्हणाली, "मशीनच बोलून राह्यली ना?"
"होय. मी एआय सहाय्यक आहे."
मग म्हणाली, "मंग बरं. माणसाले सांगाले गेलं का थो समजावतच राह्यते. तू फक्त ऐक. तिथी रजत म्हणून एक हाय. त्याले निरोप दे. मी संक्रांतीले येत नाई. त्याच्यानंतरही येत नाई. अन् मामंजीची बीपीची गोळी फ्रीजवरच्या डब्यात हाय, सकाळची एक. थो देत नसन, मले माहीत हाय. सांगशीन ना तू?"
लग्नाला चार वर्षं झाली. तिने मला पहिल्यांदा 'तू' म्हटलं.
मला बोलायचं होतं. मुद्दे तयार होते. प्लायवूडच्या फटीतून शेठचा डोळा दिसत होता.
"आपला निरोप नोंदवला आहे," मी म्हटलं. "आणखी काही मदत करू?"
"नाई," ती म्हणाली. "बस झालं."
पलीकडे पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, घरगुती निरोपसुद्धा घेतं? कमाल आहे शेठ, अगदी माणसासारखं बोलतं हो.
डेमो यशस्वी.
बाबांची गोळी आज सकाळी राहून गेली.