पिरॅमिडखालचा खडा

३ मार्च
मूत्रपिंडात खडा निघाला. डॉक्टर उपचार समजावत होते, पण 'ऑपरेशन थिएटर' एवढं कानावर पडताच मी उठून आलो. कापाकापी नको. जग पिरॅमिडला थडगं समजतं, समजू दे. ते कंपनयंत्र होतं. कंपनांनीच ते अवाढव्य दगड वर चढवले, व्हिडिओत स्पष्ट दाखवलंय. तिथे हत्तीएवढे दगड हलले, माझा तर वाटाण्याएवढा. निश्चय: महिनाअखेर खडा बाहेर.

७ मार्च
पलंगावर तांब्याच्या नळ्यांचा पिरॅमिड उभा केला. टोकाला जुन्या वॉशिंग मशीनची मोटर. बायकोने विचारलं, मी कुठे झोपू? म्हटलं, कंपनं दोघांनाही लाभतात. ती उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. संशोधनाला एकांत हवाच.

१२ मार्च
कंपनं उत्तम. दात वाजतात. खालच्या मजल्यावरचे प्रोफेसर तक्रार घेऊन आले, त्यांच्या कपाटातल्या बशा सरकतात म्हणे. म्हटलं, बशा सरकतात म्हणजे खडाही सरकत असणार. ते हात जोडून निघून गेले. पटलं असावं.

१९ मार्च
पाठीतून जांघेपर्यंत कळ. उलटी. खडा शरण येतोय. ऑफिसला दांडी, मोटरचा वेग वाढवला. ही डॉक्टरांना फोन लावत होती, तो हिसकावून घेतला. आवाज जरा चढला माझा. कंपनांचा परिणाम.

२३ मार्च
ताप. हुडहुडी. मोटरमुळे असेल म्हणून बंद करून पाहिली. मीच हलतोय. लघवी जवळजवळ नाही. उद्यापासून दुपारीही सेशन.

२४ मार्च, दुपार
ही दारात उभी राहिली. भांडायला आली असेल म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. ती हळूच म्हणाली, "तुम्हाला काही झालं, तर मी भांडायचं कुणाशी?"
म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांब. ती प्रोफेसरांना बोलवायला खाली गेलीसुद्धा. अडवायला उठतो.

२८ मार्च, हॉस्पिटल
चक्कर आली, नळ्या धरल्या आणि पिरॅमिड माझ्यावरच कोसळला म्हणे. दोघांनी ओढून बाहेर काढलं. टॅक्सीत हिने माझा हात सोडला नव्हता, तेवढं आठवतं. आणखी उशीर झाला असता तर वाचलो नसतो, असं नर्स म्हणाली. तुंबलेली लघवी काढायला पाठीतून मूत्रपिंडात नळी घातलीय.
आज ताप नाही. डॉक्टरांना कंपनांचा सिद्धांत सविस्तर सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
"बरोबर आहे," ते म्हणाले. "बाहेरून लहरी सोडून खडा फोडतात. त्याचं मशीन आमच्या ऑपरेशन थिएटरमध्येच आहे. त्या दिवशी मी तेच सांगत होतो. कापायचं नव्हतंच, संध्याकाळी घरी गेला असतात."
म्हटलं, मग लावा की आता.
"आता संसर्ग झालाय, मूत्रपिंड सुजलंय. तब्येत सावरली की पाठीला भोक पाडूनच काढावा लागेल."
ते गेल्यावर हिला म्हटलं, बघ, सिद्धांत बरोबर निघाला.
ती माझ्यासाठी संत्रं सोलत होती. वर न बघता म्हणाली, "आणि तुम्ही?"