चुन्याची डबी आणि बोरगावचा डबा

टिळकवाडी, बेळगाव
५ मार्च २०२५

तीर्थस्वरूप बायाक्का,
मंगलचा वाकून नमस्कार.

इकडे सगळं ठीक म्हणायचं. बोरगावहून तुमचा डबा तुमच्या गुंडूनं परवा आणून दिला. शेंगाची चटणी झकास झाली आहे. मी एकटीच खाते आहे, म्हणून अजून संपली नाही. तुमचा गुडघा कसा आहे? शेक घेता का, की नुसतंच 'घेते, घेते' म्हणता?

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुमचा फोन कायम स्पीकरवर, अख्खं अंगण ऐकतं. इकडे मी फोन उचलला की तुमचे भाऊ कान टवकारून बसतात. म्हणून हे लिहून डब्यातच घालते आहे. चष्मा लावा आणि एकटीनं वाचा.

आधी माशांची बातमी. गेल्याच्या गेल्या दिवाळीत यांच्या गालाच्या आतला चट्टा काढला, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर तुम्ही माझ्या शेजारी होता. डॉक्टरांनी कन्नडमधून बजावलं होतं, "तंबाखू बेडवे बेड." नकोच नको. परत तोंडात गेली तर पुढच्या वेळी गाल वाचवता येणार नाही. तुम्ही माझा हात धरून रडला होता. त्यानंतर आमच्या आदर्शनं, बापाचे हात कशात तरी गुंतावेत म्हणून, खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणून बसवली. तो गेला मस्कतला, आणि बाप इथे मीठ मोजतोय, पाणी बदलतोय, माशांशी बोलतोय. माझ्याशी दोन शब्द कमी बोलले तरी मला चालत होतं. तोंड रिकामं होतं ना.

मग टाकीतल्या दगडांवर तपकिरी फुलं उगवली. फुलं कसली, समुद्रातले जीवच ते, पण वाढतात शेतातल्या तणासारखे. दिसायला नाजूक. माशांना डंख करतात, आणि बोट लावायला गेलं की दगडाच्या भोकात पसार. आदर्शनं फोनवर उपाय सांगितला. खायचा चुना पाण्यात कालवायचा आणि इंजेक्शनच्या सुईनं थेट फुलाच्या तोंडात सोडायचा.

खायचा चुना! जी डबी मी स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकली होती, तिची बहीण वाजतगाजत घरात आली. मी नुसतं बघितलं, तर म्हणाले, "अगं, दवा हाय ती, माशांची. माझ्याकडं असं काय बघतीस?"

मी तशीच बघत राहिले. तुम्ही त्याला माझं संशयाचं खूळ म्हणता, म्हणा.

तर गंमत अशी की चुना संपत होता आणि फुलं वाढत होती. आधी एका दगडावर होती, मग मागच्या काचेवर चढली. हा चुना लागतोय तरी कुणाला, फुलांना की मला? एकदा भाजीला रेल्वेच्या दुसऱ्या गेटाकडे निघाले आणि पिशवी विसरले म्हणून परत फिरले. हे जुन्या टूथब्रशनं फुलं घासत होते. आदर्शनं सांगितलं होतं, "आप्पा, घासू नका, तुकडा पडला की त्याचंच नवं फूल होतं." यांनी "व्हय, व्हय" म्हटलेलं मी शेजारी बसून ऐकलं होतं. मग घासतात कशाला? ज्याला तण काढायचं आहे तो तण पेरेल का?

ही फुलं खाणारी एक कोळंबी मिळते. आदर्श म्हणाला, गोव्याच्या मित्राकडून पाठवतो. हे उसळले. "कोळंबी न्हाय आन् फिळंबी न्हाय, मी चुन्यानंच मारतो." मी गुपचूप मागवली. त्या लाल रेघांच्या चिमुरड्यांनी महिन्याभरात टाकी लख्ख केली. माणसाला आनंद व्हावा की नाही? हे सुतक आल्यासारखे बसले. मी हात पुढे केला, "द्या आता ती डबी." तर म्हणाले, "असू दे गं. परत उगवली तर?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फुलं होती म्हणून चुना घरात होता. आणि नुसता चुना कोण खातं, आक्का?

पण दुसरी वस्तू येते कुठून, ते कळेना. कोपऱ्यावरच्या पानवाल्या शामूला मी असा दम भरलाय की तो यांना बडीशेपसुद्धा देत नाही.

आता डब्याचं. जन्मात ज्यानं स्वतःचा चहाचा कप विसळला नाही, तो माणूस तुमचा डबा आला की स्वतः उघडतो आणि खालचा कप्पा स्वतः घासतो. वरच्या दोन कप्प्यांना लसणीचा वास, खालच्याला नुसता साबणाचा. म्हणून परवा मीच फाटकात उभी राहिले. गुंडू बिचारा साधा. म्हणाला, "मामी, आईनं सांगितलंय, मामांच्याच हातात दे म्हणून." मी म्हटलं, "मामा झोपलेत रं, आण इकडं."

खालच्या कप्प्यात तिळाचे लाडू, लाडवांखाली कागद आणि कागदाखाली पुडी. गाठ सोडावी लागली नाही, वासच पुरे होता. मी आधी मनातल्या मनात गुंडूलाच धरलं. मग पुडीचं फडकं बघितलं. दवाखान्यात माझ्या सोबतीला राहिलात म्हणून मी शहापुरातून तुम्हाला हिरवी साडी आणली होती, तिच्याच ब्लाउजपिसातला उरलेला तुकडा.

आक्का, मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. आईच्या माघारी तुम्ही यांना वाढवलंत. तुमच्या शेतात तंबाखूच पिकते, तुम्हाला ती विष वाटत नाही, हेही समजतं मला. यांनी फोनवर "आक्का, चिमूटभर गं" म्हटलं असेल आणि तुम्हाला पदराआड लपणारा नागू आठवला असेल. पण त्या बाकावर तुम्ही होता. डॉक्टरांचं बोलणं तुम्हीही ऐकलंत.

चटणी मी एकटीच खाते, असं वर लिहिलं. त्याचं कारण लिहायचं टाळत होते. यांना तिखट सोसत नाही. भात आणि ताकावर आहेत, आणि म्हणतात, वयानं होतं असं. भाकरीचा घास लहान लहान होत चाललाय. तोंड उघडून दाखवा म्हटलं की पाठ फिरवून टाकीसमोर जाऊन बसतात. त्या चट्ट्याचाही एखादा तुकडा आत राहिला असेल का? मला फार भीती वाटते.

येत्या सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. माझं ऐकून हे येणार नाहीत. तुम्ही समोर उभ्या राहून "ऊठ, नागू" म्हणालात तर येतील. कालपासून डबा शोधत घरभर फिरताहेत, पण मला विचारायची हिंमत होत नाही. मीही काही बोललेले नाही.

आलेला डबा रिकामा परत करू नये, हे या घरात आल्यावर तुम्हीच मला शिकवलंत. म्हणून वरच्या कप्प्यात खव्याचा कुंदा आहे. मधल्यात चुन्याची डबी आहे. खालच्यात तुमची पुडी, तुमच्याच गाठीसकट.

रविवारीच या. भावाच्या घरी मोकळ्या हातानं जाऊ नये, हेही तुमचंच शिकवणं. या वेळी मात्र मोकळ्या हातानंच या.

तुमची वाट बघणारी भावजय,
मंगल