सगळ्यात जुनी नोंद

सोमवार, २ तारीख

अकरा महिने घरी बसून झाल्यावर आज पुन्हा नोकरीवाली झाले. फोटो दुरुस्त करून देणारं दुकान आहे. खाली काउंटर, वर एक लांबट खोली, तीन संगणक, आणि माझ्या वाट्याला खिडकीजवळची डुगडुगणारी खुर्ची. मालक पन्नाशीचे, बोलके. एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू करतात. शाळेला सुट्टी म्हणून लेकीला सोबत न्यावं लागलं, त्यावरही काही बोलले नाहीत. सात वर्षांची आहे ती. दिसेल ती पेन्सिल कुरतडते, म्हणून घरात तिचं नाव खारूताई. आज माझ्या पर्समधलीही सोडली नाही.

ओळखपत्रासाठी मालकांनी माझा फोटो काढला, तर ही बया खांद्यामागून डोकावलेली! मालक हसले, म्हणाले, चला, हेच तुमचं पहिलं काम, मागची पाहुणी पुसून टाका. पुसली. मागची भिंत अशी बेमालूम जुळवली की त्यांनी मान डोलावली. हात अजून शाबूत आहे म्हणायचा.

बुधवार, ४

इथला प्रोग्रॅम मालकांनी समजावून दिला. फोटोत केलेला प्रत्येक बदल त्या फोटोच्या फाइलमध्येच नोंदला जातो. जे पुसलं त्याचा तुकडाही तिथेच जपून ठेवलेला असतो, त्यामुळे चूक झाली तर मागे जाता येतं. मात्र नोंदींना जागा बेताची, चौसष्ट केबी. ती भरली की सगळ्यात जुनी नोंद गळून पडते आणि मग गेलं ते गेलं. फाइल नुसती उघडली तरी एक नोंद पडते, छोट्या चित्रासकट. म्हणून उगाच उघडझाप करायची नाही, असं दोनदा बजावलं. माझ्या फोटोत लेकीला पुसल्याने तीस टक्के जागा गेली आहे. एवढीशी पोर, पण जागा अडवते बरीच.

शुक्रवार, ६

आज ह्यांनी जेवायला दोनच ताटं घेतली. मी म्हटलं, खारूताई काय हवा खाणार? हे म्हणाले, अरे हो, आणि तिसरं ताट घेतलं. दमलेत बिचारे. आमच्या घरात दमणं हे चौथं माणूस आहे.

ती मात्र रुसली नाही. एरवी घर डोक्यावर घेते, आज भिंतीला टेकून गप्प बसली होती. भिंतीचा आणि तिच्या फ्रॉकचा रंग एकच वाटला मला. डोळे थकलेत. दुपारी कामावर उगाच तो फोटो उघडून पाहिला होता, दोन-तीनदा.

सोमवार, ९

शाळेतून ती रडत आली. हजेरीत नाव घेतलं नाही. बाईंना फोन केला. म्हणाल्या, या नावाची मुलगी वर्गात नाही, कधी नव्हती. ह्यांना सांगितलं तर विचारतात, कुणाची शाळा?

माझी ओढणी धरून ती शेजारीच उभी होती.

काल रविवार असूनही दुकानात जाऊन आले. काल आणि आज मिळून फाइल किती वेळा उघडली, मोजलं नाही. पहिली नोंद जागेवर आहे: ‘मागील व्यक्ती काढली.’ ती दिसली की जरा बरं वाटतं. मग पुन्हा धाकधूक. पुन्हा उघडते.

मंगळवार, १०

आज तिला फोटोत परत आणायला गेले. जमत नाही.

परत आणणं हीसुद्धा एक नोंद. तिलाही तीस टक्के जागा हवी. उरली आहे तीन टक्के. जागा करायला आधी सगळ्यात जुनी नोंद गळणार, म्हणजे तिचाच तुकडा. मीच भरली— बघून बघून.

मधल्या नोंदी काढता येत नाहीत. फाइलची प्रत काढली, तर प्रतीत फोटो आला, नोंदी नाहीत. एकही नाही.

माझ्या हाताने केलं हे. दुसऱ्या कुणी केलं असतं तर शिव्या तरी घातल्या असत्या.

गुरुवार, १२

आणखी एकदा उघडली की पहिली नोंद जाणार. हात लावलेला नाही. संगणकावर चिठ्ठी चिकटवली— ‘ही फाइल उघडू नये.’

मालकांना हात जोडून सांगितलं. ते म्हणाले, कसली पाहुणी? तुम्ही तर एकट्याच आला होतात. चार दिवस विश्रांती घ्या म्हणाले. भला माणूस आहे. त्याचीच भीती—

शनिवार, १४

घरी. दुपार. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आहे. हे मघाशी तिच्या अंगावरच बसत होते. मी ओरडले तर मलाच विचारतात, काय झालं?

उठत नाही मी. मांडी अवघडली तरी उठणार नाही. तिचीच पेन्सिल घेऊन लिहिते आहे.

मालकांचा फोन. खुशीत आहेत. काम आवडलं, तुम्हाला कायम केलं म्हणतात. नवं पक्कं ओळखपत्र आत्ताच छापतोय, तोच फोटो— नको, नको म्हणून ओरडले— म्हणाले, अहो, उघडलासुद्धा—

फोन चालू आहे. पलीकडून मालक हॅलो हॅलो करताहेत. मी कशाला ओरडत होते?

मांडीला मुंग्या आल्यात. नुसती तर बसले आहे.

आणि ही पेन्सिल— टोकाला दातांच्या खुणा, बारीक बारीक— आमच्या घरात कोण कुरत