यंत्राला हार, सुईला टोपण

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

दवाखान्यात पूजा झाली. कात्र्या, बीपीचं मशीन, सलाईनचा स्टँड — सगळ्याला हळदीकुंकू. सुया कापायच्या नव्या यंत्राला झेंडूचा मोठा हार. आषाढात आलंय, अजून प्लास्टिकात! मी म्हणलं, सुया कापा की त्यात. सत्यशीला सिस्टर म्हणे, "हात लावू नका मावशी, तपासणीला दाखवायचंय. डाग पडंल." म्हणजे यंत्र देव्हाऱ्यात अन् सुया माझ्या कचऱ्यात! त्या पण टोपण लावून. टोपण पिशवीत निघतंय. अन् पिशवी बांधतंय कोण? मी!

चहाला सत्यशीलाचा कप वेगळा. बुडाला लाल नेलपेंटचा टिक्का. मला धुऊ पण देत न्हाई. श्रावणापासून हे नवीनच सोवळं.

४ ऑक्टोबर

टोचली!

पिशवीला गाठ मारताना. अंगठ्यात, हातमोज्यातून आरपार. मी अंगठा तोंडात घालणार, तेवढ्यात रक्त तपासणारा वाहेद वरडला, "चोखू नका मावशी! दाबू पण नका! नळाखाली धरा, साबण लावा." धुतला. पण सुई कुणाची? सकाळपासून चाळीस पेशंट. कुणाचं काय दुखणं, काय सांगावं!

डॉक्टर म्हणे, "मुंगी चावल्यागत असतंय. कशाला बोभाटा?" मी म्हणलं, मग साहेब, घाला तुमचा हात पिशवीत.

वाहेदनं गाडीवर बसवून बीडला सरकारी दवाखान्यात नेलं. म्हणे एड्सची गोळी तीन दिवसांच्या आत चालू व्हावी लागती, जितकी लवकर तितकी बरी. माझं रक्त घेतलं, गोळ्या दिल्या. अठ्ठावीस दिवस. एक पण चुकवायची न्हाई.

७ ऑक्टोबर

लई मळमळतंय. मोरीपाशी ओकत बसले तर शेजारची भिवराबाई हसती. "छबुबाई, दिवस गेले का काय?" एकोणपन्नास वय माझं! मालकाकडं बघून डोळा मारला सटवीनं. मालक बिचारे दाराआड.

११ ऑक्टोबर

कप कमी पडला म्हणून सत्यशीलाचा घेतला. तोंडाला लावणार तर हिनं झडप घालून हिसकावला. चहा सगळा माझ्या पातळावर! "तुमी यात न्हाई प्यायचं, मावशी!" मला टोचली म्हणून मी विटाळले व्हय? वाहेद तिच्यासमोरच म्हणलेला — कपानं, ताटानं, हात लावल्यानं काय होत न्हाई. शिकलेली बाई अन् ही अक्कल!

बोलणं बंद.

३१ ऑक्टोबर

शेवटची गोळी. सुटले. चाचणी टोचल्यापासनं दीड महिन्यानं. तवर जीव टांगणीला.

१२ नोव्हेंबर

तपासणी! तपासणीवाल्या बाई आल्या, म्हणल्या, "यंत्र चालवून दाखवा." डॉक्टर सिस्टरकडं बघतात, सिस्टर डॉक्टरांकडं. यंत्रावर वाळका हार. "हे काय?" डॉक्टर म्हणे, "पूजा केलीय." बाई म्हणल्या, "अन् चालू कधी करणार, पुढच्या दसऱ्याला?"

मीच पुढं झाले. हार काढला, प्लास्टिक फाडलं, वाहेदनं वायरीची पिन लावली. बिनटोपणाची सुई आत — कटकन! वाहेदनं एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

बाई म्हणल्या, रोज असंच. टोपण लावायचंच न्हाई. अन् आजवर ज्याला ज्याला टोचली, त्याचं नाव रजिस्टरात पाहिजे. मी म्हणलं, लिहा माझं पहिलं!

सत्यशीला रडकुंडीला आली. बरं झालं. लाज वाटली असंल.

१७ नोव्हेंबर

साफ! काय न्हाई निघालं! तीन महिने भरल्यावर आणखी एक चाचणी, पण बीडचे डॉक्टर म्हणले, काळजी नका करू. पेढे वाटले. सत्यशीलाला सगळ्यात शेवटी दिला, तो पण फुटका.

१८ नोव्हेंबर

टेबल पुसताना रजिस्टर उघडं दिसलं. माझ्या नावाखाली सत्यशीलाचं अक्षर. सत्यशीलाचंच नाव. टोचल्याची तारीख श्रावणातली. गोळ्या — घेतल्या न्हाईत. चाचणी — केली न्हाई.

"कावून सांगितलं न्हाई गं, पोरी?"

"लग्न ठरलंय, मावशी."

उद्या सकाळच्या गाडीनं बीडला. दोघी.

चहा केला. लाल टिक्क्याच्या कपात ओतला. पहिला घोट मी घेतला.