जागेश्वरचे बारा

५ जानेवारी १९३९, गोंदिया
टायर कंपनीची ही डायरी सेठने फुकट दिली. दुलीचंद सेठ फुकट काही देत नाही, म्हणून आधी पानं मोजली. पूर्ण निघाली. तरी संशय आहेच.
संकल्प: गॅरेजात मोटारींचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करतो, त्याचे रोज दहा आणे मिळतात. यंदा बारा करून घेणे. कान उघडे ठेवणे. माझे कान तिखट आहेत.

९ जानेवारी
रामलाल पेंटरला सेठ रोज गुळाचा खडा देतो. रंगाची धूळ घशात बसते म्हणे. तो दिवसभर खोकतो आणि गूळ खातो. मी बसच्या पोटात बसून दिवसभर हातोडा मारतो, मला काय? रामलालला विचारलं, तर नुसते ओठ हलवले. तोंडात गूळ असला की माणूस स्पष्ट बोलत नाही.

१३ जानेवारी
गॅरेजच्या घड्याळाचे टोले सेठने बंद केले. जेवायची सुट्टी कळू नये म्हणून ही युक्ती! आज बारा वाजून गेले तरी मी ठोकतच होतो. बाकीचे जेवूनसुद्धा आले. म्हणजे त्यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलंय.

१७ जानेवारी, सकाळी
बायको शामकला शेजारच्या धुरपताबाईशी कुजबुजते. तेही माझ्यासमोर! दरडावलं, तर शामकला अगदी जवळ येऊन म्हणाली, काऊन ओरडून राहिले जी? मी ओरडत नव्हतो. मग वाटीत लसणाचं कोमट तेल घेऊन आली. कानात घालते म्हणे. नवऱ्याच्या कानात कुणी फोडणी घालतं का? धुरपताबाईचीच शिकवण. उठून बाहेर गेलो.

२१ जानेवारी
सापडलं! सेठ रामलालला काही सांगत होता, मी खिडकीबाहेर. सेठचा आवाज मोठा. 'जागेश्वर' स्पष्ट ऐकलं, पुढे 'बारा हो गया' हेही ऐकलं. मला बघताच दोघे गप्प. बारा आणे ठरलेत आणि लपवून ठेवलेत! रामलाल माझ्याकडे पडेल चेहऱ्यानं बघत होता. जळतो मेला.

२२ जानेवारी
बारा आणे धरून बाजारात जुना ग्रामोफोन बघितला. शामकलेला गाण्याची फार हौस. दुकानदारानं तबकडी लावली. तबकडी फिरते, आवाज नाही. डबा विकायला बसलाय लबाड! दुकानाबाहेर चार जण माना डोलवत उभे होते. त्याचीच माणसं असणार. उद्या सेठला धरणार.

२३ जानेवारी
धरलं. म्हणालो, सेठ, माझ्या कानांनी ऐकलं, बारा ठरलेत. सेठ बराच वेळ बोलला. मी मान हलवत राहिलो. शेवटी त्यानं खडू घेतला आणि समोरच्या मडगार्डवर लिहिलं: बारा नहीं, बहरा.
दोनदा वाचलं. सेठचं अक्षर वाईट आहे, पण इतकं नाही.
रोज दहा आणेच. रामलालनं आपल्या गुळातला अर्धा खडा माझ्या हातावर ठेवला. गूळ घशासाठी असतो. तरी घेतला.
सुट्टी झाल्यावर स्टुलावर चढून घड्याळाला हात लावला. सहाचे टोले पडत होते. सहाही तळहाताला कळले. घरी येताना फार भीती वाटली, मागून मोटार येत असली तर?

२४ जानेवारी, सकाळी
शामकलेपुढे आडवा झालो. म्हणालो, घाल ते तेल. घातलं. मग काहीतरी म्हणाली. मी हो म्हणालो. पुन्हा म्हणाली. पुन्हा हो म्हणालो. शेवटी तिनंच माझं डोकं धरून दुसऱ्या कुशीवर वळवलं.