नळीवर नाव तुझं

प्रिय धाकट्या,

नर्सबाई हे पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत देणार आहेत. काचेपलीकडून तू हात हलवलास, हसलास, पण काचेतून बोलणं काही पोचत नाही. म्हणून लिहितेय.

काही महिन्यांपूर्वी तुझ्या रक्ताची नळी माझ्याच टेबलावर आली. वीस वर्षं रक्तगट तपासतेय मी. तुझा जन्मापासूनचा 'बी' गट नाहीसा झाला होता. नळीत माझा 'ओ' होता. तीनदा तपासलं. नाव तुझं, आत मी! कॅन्सरच्या औषधांनी तुझं जुनं रक्त पुसून टाकलं आणि माझ्या हाडांतला मगज तुझ्या हाडांत जाऊन बसला, हे मला ठाऊक होतं रे, पण पाहिलं नव्हतं. तुझी बायको सांगत होती, अर्धं अंडं खाल्लंस तर ओठ सुजले. लहानपणी माझ्या वाटणीचंही अंडं तूच मटकावायचास, कारण मला ते सोसायचं नाही.

मग तुझ्या तळहातांवर लाल चट्टे उठले, कातडी सुटायला लागली. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुमच्या पेशी चोख पहारा करतायत, फक्त घरमालकालाच चोर समजतायत." पेशींना राग-लोभ नसतो, हे शिकाऊ पोरींना मीच शिकवते. तरी त्या दिवशी हात धुताना मी माझ्याच हातांवर खेकसले, "बास करा, तो आपला आहे!" शेजारची पोरगी बघतच राहिली.

औषधाने चट्टे मावळले, पण पहारा ढिला पडला आणि जुन्या आजाराने पुन्हा डोकं वर काढलं. आता माझ्या आणखी पेशी तुझ्यात सोडायच्या म्हणतात. त्या आजाराला खातील, कदाचित तुलाही. तू म्हणे डॉक्टरांना सांगितलंस, "ताई म्हणेल तसं." माझं म्हणणं, घे. उद्या सकाळी मी सुईखाली बसतेय. त्याआधी एक ऐक. आई गेली त्या आठवड्यात तू आला नाहीस, तेव्हा फोनवर मी म्हणाले होते, "मला तू मेलास." सात वर्षं तू समजत आलास की ताई रागाच्या भरात बोलली. नाही रे. अगदी शांतपणे, मनापासून बोलले होते. ते मी आज परत घेतेय. तुझ्यात येण्याआधी मला माफ कर.

तुझीच,
ताई