दोन वर्षं आधी सांगितलेलं

शिरोळ
२ ऑगस्ट २०२५

चि. बुद्धभूषण यास, ताईचा सप्रेम जयभीम.

फोनवर तू घाईत असतोस आणि मला रडू येतं, म्हणून लिहिते. गुरुवारी सकाळी कृष्णेचं पाणी काठच्या गोठ्यांत शिरलं आणि आपल्या यंत्राचा मेसेज एकाही घरी आला नाही. यल्लाप्पाकाकांच्या दोन्ही म्हशी दाव्याला बांधलेल्या होत्या, तशाच गेल्या. पूर्वी घाटाची तिसरी पायरी बुडाली की सगळे दावी सोडायचे. तू पुलाला पाणी मोजायचं यंत्र लावलंस, वाचनालयातल्या संगणकावर प्रोग्रॅम बसवलास, तेव्हा मीच घरोघर सांगितलं, की आता पायऱ्या बघत बसू नका, माझा भाऊ कळवेल.

काका ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, की पोरी, तू सांगितलंस म्हणून बघायचं सोडलं न्हवं. भांडले असते तर बरं झालं असतं. काय बिघडलं ते मला समजेल असं लिही, गावाला उत्तर मला द्यायचं आहे. जेवण वेळेवर करत जा.

खुशाली कळव, माया असू दे.
तुझी ताई,
दीक्षा

शाहूपुरी, कोल्हापूर
६ ऑगस्ट २०२५

ती. दीक्षाताईस, धाकट्याचा सविनय जयभीम.

पत्र पोचलं. तू रागावलीस की तुझं अक्षर सुधारतं, हे कळलं.

ताई, यात तुझी चूक नाही आणि खरं सांगू तर माझीही नाही. प्रोग्रॅम पायथॉन नावाच्या भाषेत लिहिलाय. या भाषेची दरवर्षी नवी आवृत्ती निघते. काही सुधारतात, काही जुनं काढून टाकतात. आपला संगणक पुलावरच्या यंत्राशी ज्या तयार भागाच्या मदतीनं बोलायचा, तो भाग नव्या आवृत्तीत ठेवलेलाच नाही. पुराच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मी इथूनच ती आवृत्ती चढवली आणि यंत्राला पाण्याची पातळी विचारणंच बंद पडलं. भाषा बनवणाऱ्यांनी दगा दिला असं समज, गावातही तसंच सांग. वाचनालयाच्या आदर्शला संगणकाला हात लावू देऊ नको, मी सवडीनं येऊन बघतो.

लहान समजून राग सोडावा.
तुझा,
बुद्धभूषण

शिरोळ
१२ ऑगस्ट २०२५

बुद्धभूषण यास जयभीम.

तू म्हणालास तसं मी रविवारी विहारात सगळ्यांसमोर सांगितलं, की भाषेनं दगा दिला. काकांनी मान डोलावली. काल आदर्शनं संगणक उघडला. वाचनालयाची किल्ली त्याच्याकडंच असते, मी कशी अडवणार? त्यानं मला प्रोग्रॅमची एकेक ओळ मराठीत करून सांगितली. तो भाग जाणार आहे, दुसरी सोय करा, अशी सूचना ती भाषा दोन वर्षं आधीपासून देत होती.

प्रोग्रॅम सुरू केला की एक इंग्रजी ओळ यायची आणि मी तुला फोनवर अक्षर अक्षर वाचून दाखवायची, आठवतं? तू म्हणायचास, तिकडं लक्ष देऊ नको. मग ती यायची थांबली. मला वाटलं, तू दुरुस्त केलंस. तू फक्त ती दिसू नये अशी सोय केली होतीस आणि शेजारी टीप लिहून ठेवली होतीस, की ताईचे फोन थांबावेत म्हणून सूचना बंद.

ती माणसं परदेशातली, आपली ना ओळख ना नातं. त्यांनी वेळेत सांगितलं. तू माझ्या पाठचा, आणि तू लपवलंस. वर माझ्याच तोंडून गावाला खोटं सांगायला लावलंस. म्हशींपेक्षा हे मला जास्त लागलंय. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

काकांना अजून काही सांगितलेलं नाही. येत्या रविवारी ये आणि त्यांच्या दारात उभा राहून स्वतःच्या तोंडानं सांग. नाही आलास तर सोमवारी मी सांगेन, आणि मग माझ्या दारातही येऊ नको.

पत्राखाली माया मागायची रीत आहे. आज मागवत नाही.

दीक्षा